अकरावीत विज्ञान नेमके कुठे अडते?

दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, विज्ञान शाखेतील प्रवेश निश्चित होतो आणि दिवाळीच्या आगेमागे अकरावीच्या पहिल्या परीक्षेचे गुण घरी येतात. शाळेत गणित-विज्ञानात नव्वदीच्या पुढे असलेला मुलगा भौतिकशास्त्रात पस्तिशीपाशी घुटमळताना दिसतो. घरात चिंतेचे वातावरण पसरते. क्लास बदलावा, की शाखाच बदलावी, यावर खल सुरू होतो. 'आपल्याला सायन्स झेपणार नाही' असा निष्कर्ष तोवर त्या मुलाने मनाशी काढलेलाही असतो. सोळाव्या वर्षी काढलेला हा निष्कर्ष पुढे आयुष्यभर सोबत राहतो, म्हणून त्याच्या मुळाशी जाणे आवश्यक ठरते.

या घसरणीची नेहमी सांगितली जाणारी कारणे तीन. अभ्यासक्रम एकदम मोठा होतो, माध्यम बदलते आणि मुलांच्या हातात मोबाइल येतो. तिन्हींत तथ्य आहे. मात्र अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अनुभवी शिक्षकाला विचारावे. चुका शेकडो असल्या, तरी त्या पुन्हा पुन्हा त्याच चार-दोन ठिकाणांहून उगवतात, असेच उत्तर मिळेल. त्रिकोणमितीतील साइन, भौतिकशास्त्रातील बल व त्वरण आणि रसायनशास्त्रातील मोल ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत. या तिन्ही संकल्पना अकरावीत नव्याने येत नाहीत. राज्य मंडळाच्या २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात मोल नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या प्रकरणात भेटतो, गतीचे नियमही नववीतच येतात आणि त्रिकोणमितीची तोंडओळखही त्याच वर्षी होते. पण आपल्याकडे नववी हे दहावीच्या तयारीचे वर्ष मानले जाते. अनेक क्लासमध्ये नववी अर्धी होताच दहावीचे धडे सुरू होतात. पुढे दहावीच्या पुस्तकात मोलला स्वतंत्र प्रकरण नसते. परिणामी घाईत ओलांडलेली संकल्पना दोन वर्षांनी, परक्या भाषेत आणि दुप्पट वेगाने समोर येते.

त्यात प्रवेश परीक्षेचे गणित भर घालते. अभियांत्रिकीसाठीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के राहिला आहे. हा आकडा पाहून अकरावीचे वर्ष 'हलके' घेतले जाते. बारावीची दोलनगती, तरंग किंवा आयनिक समतोल ही प्रकरणे ज्या पायावर उभी आहेत तो पाया अकरावीतच घातला जातो, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

धनुष्याची दोरी

त्रिकोणमितीपासून सुरुवात करू. 'समोरील बाजू भागिले कर्ण' हे सूत्र दहावीच्या बहुतेक मुलांना झोपेतही सांगता येते. पण साइन ३० अंश म्हणजे अर्धा, तर साइन ६० अंश किती, असे विचारल्यावर कोष्टक न आठवणारा विद्यार्थी बेधडक 'एक' म्हणतो. कोन दुप्पट झाला, म्हणजे उत्तरही दुप्पट, असा त्याचा हिशेब असतो. साइनच्या आत अ आणि ब या दोन कोनांची बेरीज असेल, तर कंस सोडवून साइन अ अधिक साइन ब लिहिणे, ही अकरावीतील प्रसिद्ध चूक याच समजुतीची धाकटी बहीण आहे.

एक कागद, पट्टी आणि कोनमापक घेऊन ही समजूत दहा मिनिटांत दूर करता येते. कर्ण १० सेंटिमीटर आणि एक कोन ३० अंश असलेला काटकोन त्रिकोण काढावा. समोरची बाजू ५ सेंटिमीटर भरते. कर्ण २० सेंटिमीटर केला, तर ती १० भरते. त्रिकोण वाढला, गुणोत्तर मात्र अर्धेच राहिले. साइन ही त्रिकोणाच्या आकारमानाची नव्हे, तर कोनाची ओळख आहे, ही गोष्ट येथे डोळ्यांना दिसते. आता कर्ण १० सेंटिमीटरच ठेवून कोन ६० अंश करावा. समोरची बाजू १० नव्हे, तर सुमारे ८.६६ सेंटिमीटर भरते.

ही मंदावणारी वाढ आपल्या पूर्वजांना उत्तम ठाऊक होती. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' ग्रंथात ज्यांचे कोष्टक दिले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. त्याने वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरली, काटकोनाचे २४ समान भाग केले आणि प्रत्येक पायरीला ज्या-अर्धाची लांबी कितीने वाढते, ते नोंदवले. पहिली पायरी २२५ ची, दुसरी २२४ ची, तिसरी २२२ ची. असे उतरत जाऊन शेवटची पायरी अवघी ७ उरते. पहिल्या आठ पायऱ्यांची बेरीज केली की ३० अंशांची ज्या मिळते. ती भरते १७१९, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. उरलेल्या १६ पायऱ्यांना मिळून तेवढेच अंतर कापायचे असते. 'ज्या'चा पर्याय असलेला 'जीवा' हा शब्द अरबीत गेला, तेथे अक्षरसाधर्म्यामुळे त्याचा 'जैब' म्हणजे खिसा किंवा वळसा झाला, लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा 'सायनस' शब्द वापरला आणि तोच साइन होऊन आपल्या पुस्तकांत परतला. शब्द जगभर फिरून आला, पण वर्गात ही गोष्ट सांगायला कोणाला सवड नसते.

अकरावीत दुसरा धक्का बसतो. साइन १२० अंश काढा, असा प्रश्न येतो. काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन बसणारच कसा? दहावीपर्यंतची व्याख्या येथे अपुरी पडते आणि ती अपुरी का पडली, हे न सांगताच नवी सूत्रे फळ्यावर येतात. जत्रेतील आकाशपाळणा डोळ्यांपुढे आणला, तर हा तिढा सुटतो. पाळण्याची त्रिज्या १० मीटर आहे आणि तुम्ही बरोबर आसाच्या उंचीवर बसला आहात असे समजा. पाळणा ३० अंश फिरला की तुम्ही ५ मीटर वर जाता. पुढच्या ३० अंशांत केवळ ३.६६ मीटर आणि माथ्यापर्यंतच्या शेवटच्या ३० अंशांत १.३४ मीटर. त्यानंतर उतरण सुरू होते, म्हणून १२० अंशांवरची उंची ६० अंशांइतकीच असते. आसाखाली गेल्यावर ती ऋण होते. साइन म्हणजे या उंचीचे त्रिज्येशी असलेले गुणोत्तर. त्रिकोण हा या वर्तुळाचा पहिला चतुर्थांश होता, इतकेच.

नाणेफेकीतला पेच

भौतिकशास्त्रातील अडचण वेगळ्या जातीची आहे. त्रिकोणमितीत मुलाची पाटी कोरी असते. गतीच्या बाबतीत ती आधीच भरलेली असते. जन्मल्यापासून वस्तू ढकलताना आणि पाडताना त्याने स्वतःचे एक भौतिकशास्त्र रचलेले असते आणि ते बरेचसे चुकीचे असते. ढकलणे थांबवले की वस्तू थांबते, म्हणजे गतीसाठी सतत बल हवे, हा त्याचा पहिला सिद्धांत. अ‍ॅरिस्टॉटलचे मतही याच अंगाने जाणारे होते, तेव्हा मुलांना हसण्याचे कारण नाही.

या समजुतीची कसोटी घेणारा एक साधा प्रश्न आहे. क्रिकेटच्या सामन्याआधी कर्णधाराने नाणे वर उडवले. हात सुटला आहे, नाणे अजून वर जात आहे. हवेचा रोध सोडून दिला, तर त्या क्षणी नाण्यावर कोणकोणती बले कार्य करीत आहेत? 'वरच्या दिशेने हाताचे बल आणि खालच्या दिशेने गुरुत्वाकर्षण' हे उत्तर हमखास येते. बरोबर उत्तर, केवळ गुरुत्वाकर्षण. हाताचा संबंध हात सुटताच संपला. नाण्याजवळ आता वेग आहे, बल नाही. अमेरिकेतील संशोधक जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याच धर्तीचा प्रश्न विचारला, तेव्हा गतिशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांतही हा गैरसमज मोठ्या प्रमाणावर टिकून असल्याचे त्यांना आढळले. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझूर यांनाही नव्वदच्या दशकाच्या तोंडावर असाच अनुभव आला. आकडेमोडीची अवघड उदाहरणे सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या संकल्पनात्मक प्रश्नांत चाचपडत होते. त्यांनी व्याख्यान कमी करून विद्यार्थ्यांना आपसांत वाद घालायला लावण्याची पद्धत सुरू केली. सांगण्याचा मुद्दा असा, की हा दोष मराठी माध्यमाचा नाही, राज्य मंडळाचा नाही आणि बुद्धीचा तर मुळीच नाही.

त्याच नाण्याचा दुसरा प्रश्न: सर्वोच्च बिंदूला त्वरण किती? तेथे वेग शून्य असतो, म्हणून त्वरणही शून्य, असे मुले लिहितात. समजा, चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला. एका सेकंदाने वेग ९.८ उरतो, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी पुन्हा ९.८, पण खालच्या दिशेने. प्रत्येक सेकंदाला ९.८ चा फरक पडतो आहे आणि तो फरक म्हणजेच त्वरण. माथ्यावर त्वरण शून्य झाले असते, तर वेग शून्यावरच अडकला असता आणि चेंडू हवेत लटकून राहिला असता! सूत्रात किमती घालून हे कधीच कळत नाही. सेकंदासेकंदाची नोंद लिहून काढली की कळते.

आता त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्र यांची गाठ जेथे पडते, तेथे येऊ. उतारावर ठेवलेल्या वस्तूचे वजन दोन घटकांत विभागावे लागते आणि अर्धा वर्ग येथे मागे पडतो. साइन कुठे, कोसाइन कुठे, हे पाठ केले जाते आणि परीक्षेत उलटे लिहिले जाते. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना याचे उत्तर कर्जत स्थानकात मिळते. बोर घाटात लोहमार्गाचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. कोनात सांगायचे, तर जेमतेम दीड अंश. डोळ्यांना तो चढ फारसा जाणवतही नाही. पण १००० टन वजनाच्या गाडीला मागे खेचणारा घटक या चढाच्या साइनइतका, म्हणजे १००० चा सदतिसावा भाग असतो. सुमारे २७ टन वजनाइतकी ही ओढ घाट संपेपर्यंत सतत पेलायची असते. म्हणूनच पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडण्याची प्रथा पडली. साइन की कोसाइन, असा संभ्रम पडला तर उतार पुसून सपाट करून पाहावा. कोन शून्य झाला की मागे ओढणारा घटकही शून्य व्हायला हवा. शून्य अंशाला साइन शून्य असते, कोसाइन नाही. पाठांतराची गरज उरत नाही.

मोलाचा हिशेब

रसायनशास्त्रातील मोल हा शब्द मराठी कानाला फसवा वाटतो. आपले 'मोल' संस्कृत मूल्यावरून आले. रसायनातील मोलचे नाते रेणू या अर्थाच्या जर्मन शब्दाशी आहे. दोघांचा संबंध नाही, तरी हिशेब हा धागा समान आहे असे गमतीने म्हणता येईल.

हार्डवेअरच्या दुकानात खिळे कोणी मोजून देत नाही, तोलून देतात. एक बोल्ट ५ ग्रॅमचा आणि एक नट ३ ग्रॅमचा असेल, तर ५०० ग्रॅम बोल्टबरोबर ३०० ग्रॅम नट घ्यावेत; दोन्ही शंभर-शंभर मिळतील आणि एकही उरणार नाही. येथे दुकानदाराने मोजणीचे काम तराजूवर सोपवले. रसायनतज्ज्ञ नेमके हेच करतो. अणू मोजता येत नाहीत इतके लहान आणि इतके पुष्कळ, म्हणून तो ते तोलतो. शंभराच्या जागी त्याने जी संख्या घेतली आहे ती ६.०२२१४०७६ गुणिले १० चा तेविसावा घात. पूर्वी ही संख्या १२ ग्रॅम कार्बनमधील अणूंवरून ठरत असे. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती थेट निश्चित करण्यात आली. बाजारातील जुन्या टिपणांत पहिलीच व्याख्या छापलेली आढळते, इकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे.

हे चित्र मनात नसले, की समीकरणाचे वाचन चुकते. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात, या समीकरणातील 'दोन' आणि 'एक' हे ग्रॅम आहेत असे समजून गणित केले जाते. ते नग आहेत. वजनात तेच प्रमाण हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन आठ भाग असे पडते. मग पुढचा प्रश्न: १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन घेतले, तर पाणी किती तयार होईल? घाईत '२० ग्रॅम' असे लिहिले जाते. पण १० ग्रॅम ऑक्सिजनला केवळ १.२५ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. पाणी ११.२५ ग्रॅम तयार होते आणि ८.७५ ग्रॅम हायड्रोजन तसाच शिल्लक राहतो. नट संपले आणि बोल्ट उरले.

स्वयंपाकघरात याची प्रचीती घेता येते. खाण्याचा सोडा आणि पांढरे व्हिनेगर यांची अभिक्रिया सर्वांनी पाहिलेली असते, हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. सोड्याचा एक मोल ८४ ग्रॅमचा, व्हिनेगरमधील आम्लाचा एक मोल ६० ग्रॅमचा आणि दोघांचे प्रमाण एकास एक. ५ ग्रॅम सोड्याला म्हणून सुमारे ३.६ ग्रॅम आम्ल हवे. बाटलीवर ४ टक्के असे लिहिले असेल, तर हे आम्ल जवळपास ९० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये मिळते. तेवढे टाकेपर्यंत फेस येत राहतो, त्यापुढे कितीही ओतले तरी नवा फेस येत नाही. याच अभिक्रियेत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला दीड लिटरच्या आसपास भरतो, म्हणूनच हा प्रयोग झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कदापि करू नये.

तिन्हींचे मूळ एकच

वर पाहिलेल्या तिन्ही संकल्पना बारकाईने पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. साइन हे लांबीचे लांबीशी गुणोत्तर आहे, त्वरण हे वेगातील बदलाचे वेळेशी आणि मोलचा सारा व्यवहार वस्तुमानाचे नगांशी असलेल्या गुणोत्तरावर चालतो. गुणोत्तर आणि प्रमाण हा विषय प्राथमिक शाळा संपता संपता येतो आणि 'सोपा' म्हणून मागे टाकला जातो. दोन राशींपैकी एकच पाहायची सवय लागलेला विद्यार्थी पुढे तिन्ही विषयांत अडतो आणि त्याला वाटते, की आपण तीन वेगवेगळ्या विषयांत कच्चे आहोत. पालकही तीन वेगळ्या शिकवण्या लावतात. काही शहरांत त्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो.

भाषेचा प्रश्न यात मिसळतो, हे मान्य करावेच लागेल. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने संवेग, जडत्व, विस्थापन, संयुजा हे शब्द कष्टाने आत्मसात केलेले असतात. अकरावीच्या पहिल्याच तासाला त्यांच्या जागी मोमेंटम, इनर्शिया, डिस्प्लेसमेंट आणि व्हॅलन्सी येतात. ओळखीची माणसे वेश बदलून आल्यासारखी वाटतात. बोलीतील अर्थांची त्यात भर पडते. 'चाल' आणि 'वेग' यांत व्यवहारात आपण फरक करीत नाही. शास्त्र करते, कारण वेगाला दिशा असते. 'वजन' हा शब्द आपण वस्तुमानासाठी सर्रास वापरतो. खांद्यावर पोते घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या हमालाने भौतिकशास्त्राच्या व्याख्येनुसार त्या पोत्यावर काहीच 'कार्य' केलेले नसते, हे ऐकून मुले हसतात आणि विसरतात.

अलीकडे एक नवाच घोटाळा दिसतो. अनेक विद्यार्थी इंटरनेटवरील हिंदी चित्रफिती पाहून अभ्यास करतात. मराठीत आपण ज्याला 'अणू' म्हणतो त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात आणि हिंदीतील 'अणु' म्हणजे आपला 'रेणू'. शाळेत एक अर्थ, पडद्यावर दुसरा आणि महाविद्यालयात अ‍ॅटम-मॉलिक्यूल. मोलच्या उदाहरणात अणू मोजायचे की रेणू, यावरच उत्तर दुप्पट किंवा निम्मे होत असल्याने हा घोटाळा केवळ शब्दांचा राहत नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर मराठी, इंग्रजी आणि हिंदी अशी तीन रकान्यांची शब्दसूची करून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीचे वर्ग प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत तीन महिने सहज जातात. या काळात अकरावीचा अभ्यासक्रम आधीच उरकून टाकण्याच्या जाहिराती सर्वत्र झळकतात. त्याऐवजी नववीचे पुस्तक पुन्हा उघडणे अधिक शहाणपणाचे ठरेल, असे या प्रतिनिधीचे मत आहे. रोज तासभर पुरतो. सूत्रे पाठ करण्यासाठी तो खर्ची घालू नये. उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण किती येईल याचा अंदाज करावा आणि मगच आकडेमोड करावी. इमारतीपासून ३० मीटरवर उभे राहून माथा ४५ अंशांवर दिसला, तर ६० मीटरवरून तो किती अंशांवर दिसेल? साडेबावीस लिहिण्याचा मोह होतो. उत्तर सुमारे साडेसव्वीस आहे. ही तफावत का येते, हे ज्याला धाकट्या भावंडाला समजावून सांगता येते त्याचे त्रिकोणमितीचे प्रकरण तयार आहे असे समजावे. पालकांना विज्ञान येत नसले तरी हरकत नाही. 'किती मार्क पडले?' याऐवजी 'नाणे वर जाताना त्याला कोण ढकलते?' असे जेवताना विचारता येते.

नववीचे पुस्तक रद्दीत गेले असले, तर ते विकत घेण्याचीही गरज नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत विनामूल्य उतरवून घेता येतात. 'गतीचे नियम' आणि 'द्रव्याचे मोजमाप' ही विज्ञानाची दोन आणि भूमितीच्या पुस्तकातील त्रिकोणमितीचे एक, अशी तीन प्रकरणे दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर शब्दसूचीचे कामही त्यातच होऊन जाते.